खडूच्या रेषेअलीकडचे नव्वद दिवस

भट्टीच्या तोंडाशी उजवा हात धरायचा, मनातल्या मनात तीनपर्यंत मोजायचं आणि आकडा सांगायचा. दोनशे दहा. दोनशे पंचवीस. कधी नुसतं एकशे नव्वद, आणि वर शेरा की आज लाकूड ओलं आहे. भट्टीला लावलेला काटा पाच-दहा अंश खोटं बोलायचा, पण त्या भट्टीवाल्याचा हात कधी खोटं बोलायचा नाही. म्हणून बेकरीत सगळे त्याला पारा म्हणत. बावीस वर्षं भट्टीसमोर उभं राहून त्याने एवढी एकच विद्या कमावली होती आणि तिचा त्याला रास्त अभिमान होता. आता अभिमानाची गोष्ट अशी, की ती माणसाला नेमकी नको तिथे तोंडघशी पाडते.

पाऱ्याची बायको मोटार शिकवायची. अर्धं गाव तिच्या शेजारी बसून गाडी शिकलं होतं आणि उरलेलं अर्धं तिच्या धाकाने पायी चालत होतं. ती कधी कुणावर ओरडायची नाही. तिच्या पायाखाली जादा ब्रेक होता, त्यामुळे ओरडायची वेळच यायची नाही.

लग्नाला आठ वर्षं झाली तरी मूल नव्हतं. मग तपासण्या सुरू झाल्या. कुणाच्या? अर्थात तिच्या. रक्त झालं, पोटावरून यंत्र फिरवून झालं, आत रंग सोडून फोटो काढून झाले. सगळं ठणठणीत निघालं. तरी पुन्हा सगळं केलं, कारण पहिल्यांदा ठणठणीत आलं म्हणजे कुठेतरी चुकलं असणार. पाऱ्याची मात्र एकही तपासणी झाली नाही. पारा मैद्याचं पोतं एका खांद्यावर उचलायचा, आणि जो पोतं उचलतो त्याच्यात काय तपासायचं, असा सासर, माहेर, शेजार सगळ्यांचाच समज होता. या समजापायी किती बायकांनी किती सुया टोचून घेतल्या असतील, कुणी मोजल्या नाहीत.

पाऱ्याला मूल हवं होतं, फार हवं होतं. तो बोलायचा नाही, पण उरलेल्या कणकेची कासवं करायचा, बेदाण्याचे डोळे लावायचा आणि गल्लीतल्या पोरांना वाटून टाकायचा. घरी एकही न्यायचा नाही. बायकोला हे माहीत होतं. गल्लीतली पोरंच कासवं मिरवत तिच्या खिडकीखालून जायची.

एक दिवस तिने दवाखान्यातून एक कागद आणला. फोटो काढून नव्हे, थेट भिंतीवरून, टाचण्यांसकट. आचारी, वेल्डर, भट्टीवाले, इस्त्रीवाले, असे उष्णतेजवळ काम करणारे आणि मूल होत नसलेले पुरुष संशोधनासाठी हवेत, असं त्यावर छापलं होतं.

"हे तुमच्यासाठी आहे," ती म्हणाली.

"मला काय झालंय?"

"तेच बघायचंय. आणि ऐका, हे शेवटचं. यानंतर मी कुठल्याही दवाखान्याची पायरी चढणार नाही. झालं तर झालं, नाही तर आपण दोघं. मग त्यावर कुणी एक शब्द काढायचा नाही. तुमच्या आईंनीसुद्धा."

आईंना गप्प करायची तिची तयारी बघून पाऱ्याच्या लक्षात आलं की प्रकरण गंभीर आहे. तो गेला.

दवाखान्याच्या एका खोलीत बावीस पुरुष बसले होते आणि बावीसही जण छताकडे बघत होते. कारण समोर डॉक्टरबाई खडू घेऊन फळ्यावर जे चित्र काढत होत्या, ते चारचौघांत बघायची कुणाला सवय नव्हती. डॉक्टरबाईंना त्याचं काही नव्हतं. त्या खणखणीत आवाजात सांगत होत्या, की पुरुषाचं बीज तयार होतं ते अंडकोशात, आणि तो शरीराच्या बाहेर लटकतो तो उगाच नाही. आतली उष्णता त्याला सोसत नाही, त्याला थोडा गारवा लागतो.

"किती डिग्री?" मागून आवाज आला. पारा छताकडे बघायचं विसरला होता.

"शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी."

"म्हणजे चौतीस-पस्तीस," पारा म्हणाला आणि शेजारच्या वेल्डरला समजावून सांगायला लागला. "आपल्या यीस्टसारखंच हो. पाव दोनशेला भाजायचा, पण यीस्ट दोनशेला ठेवलंत तर संपलं. त्याची जागा वेगळी. आपण काय केलं, यीस्टच घेऊन भट्टीसमोर उभे राहिलो. बावीस वर्षं."

खोलीत पहिल्यांदा हशा पिकला. डॉक्टरबाईंनी खडू खाली ठेवला आणि सांगून टाकलं, की वर्षभर मी हे समजावतेय, इतकं सोपं मला कधी जमलं नाही. पाऱ्याला आपण अर्धे डॉक्टर झाल्यासारखं वाटलं. पुढच्या घोटाळ्याची मुळं इथेच आहेत.

पहिला नमुना तिथेच एका छोट्या खोलीत द्यायचा होता. खोलीत एक खुर्ची, एक बेसिन आणि भिंतीवर धबधब्याचं चित्र. ते चित्र तिथे कुणी आणि का लावलं होतं, देव जाणे. नमुना गेला मोजणीताईकडे. मोजणीताई म्हणजे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली एक किरकोळ अंगाची बाई. डाव्या हातात मोजायचं छोटं यंत्र, एक जंतू दिसला की अंगठ्याने एक टक. पाऱ्याच्या वेळी तो टकटकाट फारच सावकाश झाला. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक.

"साठ लाख," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एका मिलिलिटरला. त्यातले शंभरात चौदा पोहणारे."

"साठ लाख?" पाऱ्याची छाती फुगली.

"किमान दीड कोटी लागतात."

छाती बसली. आकडा ऐकायला बायकोही सोबत आली होती. आठ वर्षांच्या सुया तिच्या डोळ्यांपुढून एका रांगेत गेल्या असाव्यात, पण तिने फक्त त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाऱ्याची आई मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. तिने त्याच संध्याकाळी निकाल दिला, की माझ्या मुलात काही दोष नाही, दोष भट्टीत आहे. संशोधन करणाऱ्यांना हेच सिद्ध करायला वर्ष लागणार होतं, आईंना पाच मिनिटं पुरली.

मग बंद पाकिटांतून चिठ्ठ्या निघाल्या. अर्ध्या लोकांनी नेहमीसारखं काम करत राहायचं, अर्ध्यांनी नव्वद दिवस उष्णतेपासून लांब राहायचं, आणि शेवटी दोन्ही गटांची मोजणी ताडून बघायची. पाऱ्याच्या चिठ्ठीत नव्वद दिवस निघाले. नव्वदच का, हेही त्याने विचारून घेतलं. नवं बीज तयार व्हायला अडीच महिने लागतात म्हणे. आज जे दिसतं ते अडीच महिन्यांपूर्वी मळलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी बायको बेकरीत आली. पिशवीतून खडू काढला आणि भट्टीपासून दहा पावलांवर भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड रेष मारली, शिकाऊ लोकांना गाडी लावायला शिकवताना मारायची तशीच.

"याच्या पुढे टायर जायचा नाही," ती म्हणाली. मालकांनीही मान डोलावली. त्यांनीही गाडी तिच्याकडेच शिकली होती.

भट्टी गेली मालकांच्या मेहुण्याच्या ताब्यात. चाळिशीचा हा गृहस्थ आतापर्यंत बेकरीत फक्त चहा पीत आला होता. पहिल्या आठवड्यात पाव खालून काळे आणि आतून कच्चे निघाले. दुसऱ्या आठवड्यात उलट. पारा सैल पायजमा घालून रेषेअलीकडे कणीक मळायचा आणि नाकाने भट्टी चालवायचा. "डावीकडचा ट्रे फिरवा. काढा आता. अहो काढा. मी इथून सांगतोय ना, वास आला." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते बघायला गिऱ्हाइकं मुद्दाम आत डोकावायची. मेहुणा कातावून म्हणायचा, "इतकं आहे तर या इकडे." पारा एक पाऊल टाकायचा, रेष बघायचा आणि पाऊल मागे घ्यायचा. नव्वद दिवसांत त्याचा अंगठासुद्धा पलीकडे गेला नाही. गरम पाण्याची आंघोळ बंद, तंग पँट बंद. रोज रात्री कॅलेंडरवर फुली मारताना बायको म्हणायची, "एक किलोमीटर झाला."

नव्वदावा दिवस आला आणि घोडं नेमकं तिथेच पेंड खायला लागलं. धबधब्याच्या खोलीला रंग लावणं चालू होतं. दवाखान्यातून फोन आला, की नमुना घरूनच आणा, तासाच्या आत पोहोचवा, आणि उबेत ठेवा, शर्टाच्या आत अंगाशी धरलंत की झालं. पाऱ्याने "उबेत ठेवा" एवढं नीट ऐकलं. शर्टाचं पुढचं त्याला पटलं नाही. शर्ट ही काय ऊब धरायची जागा? बावीस वर्षं ऊब सांभाळणाऱ्या माणसाला लोक शर्ट सांगतात.

सकाळी झाकणबंद डबी रुमालात गुंडाळून तो निघाला. बेकरी वाटेवरच होती. मालक दारातच उभे, चेहरा पडलेला. एका शाळेची चारशे पावांची ऑर्डर होती आणि मेहुण्याने भट्टी विझवत आणली होती. "पाचच मिनिटं," मालक म्हणाले. पाऱ्याला नाही म्हणवेना. पण डबी हातात घेऊन काम कसं करणार? त्याची नजर भिंतीतल्या फुगवणीच्या कपाटाकडे गेली. कच्चे पाव भाजण्याआधी या कपाटात मंद उबेत फुगायला ठेवतात, आणि ते होतं रेषेच्या अलीकडे. पाऱ्याने आत हात धरला, तीनपर्यंत मोजलं. सदतीस. अगदी अंगाइतकं. याहून चांगली जागा साक्षात डॉक्टरबाईंनाही सापडली नसती. त्याने डबी वरच्या फळीच्या कोपऱ्यात ठेवली.

"हे काय, नवीन यीस्ट?" मेहुण्याने विचारलं.

"हात लावाल तर याद राखा."

डबी घट्ट झाकणाची होती आणि शेवटपर्यंत तशीच राहिली, तेव्हा उगाच तोंडं वाकडी करू नका. चारशे पोरांनी ते पाव खाल्ले आणि सगळी खुशाल आहेत.

रेषेअलीकडूनच मेहुण्याला सांगता सांगता पाचाची पस्तीस मिनिटं झाली. मग पाऱ्याने डबी उचलली, रुमालातूनही ती छान ऊबदार लागली, आणि समाधानाने त्याने बस गाठली. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला डबी मोजणीताईच्या टेबलावर होती.

दोन तासांनी, बायकोही शिकवणी आटोपून गाडीने आली तेव्हा, डॉक्टरबाईंनी दोघांना आत बोलावलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. "संख्या चौपट झालीय," त्या म्हणाल्या. "दोन कोटी चाळीस लाख. पण," आणि त्या थांबल्या, "त्यातला एकही हलत नाही. असं मी फार क्वचित पाहिलंय."

"मेलेत?" पाऱ्याने विचारलं.

"तसंच दिसतंय."

नव्वद दिवस, रेष, पायजमा, सगळं फुकट. पाऱ्याने बायकोकडे बघितलं. ती खिडकीबाहेर उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे बघत होती. हे शेवटचं, असं ती म्हणाली होती, आणि ती बोललेलं पाळते हे त्याला माहीत होतं. त्याला कासवांची आठवण झाली आणि रडू यायच्या बेताला आलं.

तेवढ्यात मोजणीताई डबी घेऊन आत आली. आत्तापर्यंत कुणाशी जादा शब्द न बोललेली ती बाई डबीकडे एकटक बघत होती.

"ही डबी तुमचीच ना? झाकणाच्या खाचेत मैदा आहे."

"मी बेकरीत काम करतो."

"ते माहीत आहे. पण नव्वद दिवस तुम्ही भट्टीजवळ गेला नाहीत ना?"

"शपथ. एकदाही नाही."

"मग डबी गेली होती का?"

पाऱ्याने एकदा डॉक्टरबाईंकडे, एकदा बायकोकडे बघितलं आणि सगळं सांगितलं. कपाट, वरची फळी, कोपरा. "पण सदतीस होतं," तो म्हणाला. "हाताने बघितलंय मी."

बायकोने फोन काढून बेकरीत लावला आणि आवाज मोठा केला. मेहुण्याने उचलला. "कपाट ना? हो, मीच काटा वाढवला. पाव फुगेनात, घाई होती. पन्नासवर केला की."

"पन्नासला यीस्टचं काय होतं?" डॉक्टरबाईंनी अगदी हळू विचारलं.

"मरतं," पारा म्हणाला, आणि आपण काय म्हणालो ते त्याला ऐकू आलं.

पहिली हसली बायको. आधी नुसते खांदे हलले, मग तिने तोंडावर ओढणी धरली, मग तीही पुरेना. डॉक्टरबाईंनी टेबलावर डोकं टेकलं. मोजणीताई डबी छातीशी धरून भिंतीला टेकली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. फोनमधून मेहुणा विचारत होता की झालंय काय. पारा मधोमध उभा होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे त्याला कळत होतं, आणि तरी आयुष्यात इतकं हलकं त्याला कधी वाटलं नव्हतं. ते जिवंत होते. निदान कपाटात जाईपर्यंत तरी होते.

नमुना घेताना चूक झाली असेल तर आठवड्याच्या आत एकदाच पुन्हा घेता येतो, असा नियम निघाला. फक्त फॉर्मवर कारण लिहावं लागतं. डॉक्टरबाईंनी लिहिलं: "नमुना पावांच्या कपाटात ठेवला होता." या संशोधनावर देखरेख करणाऱ्या समितीतून तीनदा फोन आला, की 'पावांच्या' हा शब्द चुकून पडला आहे का.

चार दिवसांनी पुन्हा तीच वेळ आली. खोलीचा रंग अजून ओला. या वेळी बायकोने सूत्रं हातात घेतली. बस नको, बेकरीची वाट नको, मी नेते. अडचण एकच होती, त्या वेळेला तिची एक शिकवणी ठरलेली होती. पोस्टातून निवृत्त झालेले एक काका, वय बासष्ट, तिसरा धडा. शिकवणी तिने आजवर कधी बुडवली नव्हती. शेवटी काका स्टिअरिंगवर, ती शेजारी आणि पारा मागे, शर्टाच्या आत काखेत डबी दाबून, असे तिघं निघाले.

"आज कुठे जायचं?" काकांनी विचारलं.

"आजचा धडा वेळेत पोहोचण्याचा," ती म्हणाली. "क्लच हळू सोडा."

काकांनी क्लच सोडला तसा पारा पुढच्या सीटवर आपटला. डबी सुखरूप. काका तिसऱ्या गिअरला हात लावायला तयार नव्हते. एक सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला, मग एक हातगाडी. चौकात गाडी तीनदा बंद पडली. पाऱ्याची पाचावर धारण बसली होती. "काका, थोडं जोरात," तो म्हणाला.

"मागच्यांनी बोलायचं नाही," बायको म्हणाली. पण आज तिचा उजवा पाय जादा ब्रेकपासून इतका लांब होता, की काकांनी पाहिलं असतं तर तिथेच उतरले असते.

"मागच्या साहेबांना काखेत काही दुखतंय का?" काकांनी आरशात बघत विचारलं.

"त्यांचं काही मोडणारं आहे. तुम्ही तिसरा टाका. मी आहे."

आणि काकांनी टाकला. आयुष्यात पहिल्यांदा. गाडी अशी काही सुटली, की काका स्वतःच हसायला लागले, मग ती, मग पारा, आणि हसता हसता छपन्नाव्या मिनिटाला तिघं दवाखान्याच्या दारात उभे होते.

मोजणीताईचं दार अर्धवट उघडं होतं. दोघं बाहेरच्या बाकावर बसले. पाऱ्याने कान दिला. टक. टक टक. मग टकटकटक, मग इतकं सलग, की टक कुठला आणि पुढचा कुठला तेच कळेना. भट्टीतून काढलेल्या पावाचा कडक पापुद्रा निवताना तडतडतो, तसा तो आवाज होता. त्यावरून पाव जमला की नाही ते पाऱ्याला डोळे मिटून कळायचं. त्याने बायकोचा हात घट्ट धरला. "जमलं," तो म्हणाला. ती म्हणाली, "आकडा येऊ द्या." पण तिचेही डोळे भरले होते.

मोजणीताईने दोघांना आत बोलावलं आणि नियमात बसत नसूनही सूक्ष्मदर्शकासमोरून उठली. पाऱ्याने डोळा लावला. शेपट्या हलवत, एकमेकांना ढकलत, कुठे निघालेत ते ठाऊक नसताना प्रचंड घाईने निघालेले. शंभरातले एकेचाळीस. मग बायकोने डोळा लावला आणि बराच वेळ बघून म्हणाली, "यातला एकही इंडिकेटर देत नाही."

डॉक्टरबाईंनी बजावलं, की हा आकडा म्हणजे बाळ नव्हे, नुसती वाट मोकळी झालीय. ते खरंच होतं. पाऱ्याच्या गटातला एक इस्त्रीवाला नव्वद दिवस इस्त्रीपासून लांब राहिला, तरी त्याचा आकडा तसूभर हलला नाही, आणि का, ते डॉक्टरबाईंनाही सांगता आलं नाही. वेल्डरचा हलला. पाऱ्याने भट्टी कायमची सोडली. सोडताना जड गेलं, दोन दिवस जेवण गेलं नाही, पण मेहुणा तयार झाला आणि खडूची रेष मालकांनी पुढे रंगाने पक्की करून घेतली. सहा महिन्यांनी बायकोने गाडीची सीट एक खाच मागे सरकवली. नंतर आणखी एक. पोस्टातल्या काकांनी हे सगळ्यात आधी ओळखलं, आणि लायसन मिळालेलं असूनही ते शिकवणीला येत राहिले, कुणीतरी गाडी हळू चालवायला हवी म्हणून.

मुलगी झाली. दुपारची वेळ होती. खोलीत पाऱ्याची आई, मालक, मेहुणा आणि कासवाच्या आकाराचे सहा पाव. नर्स बाळाचं तापमान बघायला थर्मामीटर घेऊन आली, तशी मेहुण्याने तिला अडवलं. "आधी यांना विचारा. यांचा हात चुकत नाही. पाव अंशही नाही."

नर्सने हसून बाळ पाऱ्याच्या हातात दिलं. त्याने डाव्या हातावर तिला घेतलं आणि उजवा तळवा तिच्या पाठीवर ठेवला. सगळी पाठ तळव्याखाली झाकली गेली. मनात त्याने तीनपर्यंत मोजलं. मग पुन्हा तीनपर्यंत.

"किती?" मेहुण्याने विचारलं.

बावीस वर्षांत पहिल्यांदाच पाऱ्याला आकडा सांगता येत नव्हता. पलंगावरून बायको त्याच्याकडे बघत होती.

"अहो, किती आहे?"

"थांबा," पारा म्हणाला. "अजून बघतोय." आणि त्याने हात काढला नाही.